न कळवता केलेली तपासणी

आता हसणार नसाल तर सांगते. हसणारच आहात म्हणा, तरी सांगते, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं तर तो त्यात आणखी मीठमसाला घालेल. आणि ह्यात घालायला जागा उरलेली नाही.

मी सरकारी दवाखान्यातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाले. वॉर्डात माझ्या चपलांचा आवाज आला की पेशंट आपणहून औषध घ्यायचे. निवृत्तीनंतर तो दरारा घरात वापरून पाहिला, तर नवरा कानातलं मशीन काढून ठेवायला लागला. तेवढ्यात बोलावणं आलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची तपासणी करायला एक समिती नेमली होती, तिच्यात मला घेतलं. स्वच्छता कशी आहे, जेवण कसं आहे, माणूस घसरून पडणार तर नाही ना, असं सगळं बघायचं.

माझी अट एकच. न कळवता जाणार, आणि सगळं बघून होईपर्यंत आपण कोण ते सांगणार नाही. कळवून गेलं की चादरी नव्या, म्हातारे न्हालेले आणि आमटीत डाळ. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात सुरमईचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी पिशवी पुढे करत नाही, मग वृद्धाश्रम असाच सोडणार होते का?

पहिलाच आश्रम पालीच्या पुढे, आतल्या एका गावात. समितीतल्या एका गृहस्थांनी फोनवर खूण सांगितली, "चिऱ्याचं कौलारू घर, पुढे अंगणासारखं मोठं खळं, बाजूला फणस." तुम्हीच सांगा, रत्नागिरी तालुक्यात ह्या खुणेत न बसणारं घर कोणतं?

रिक्षावाल्याने वाडीच्या तोंडाशी सोडलं. तिथे एक दुकान होतं. तपासणी गुप्त, म्हणून आश्रमाचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं, "म्हातारी माणसं राहतात ते घर कुठलं हो?"

दुकानदार म्हणाला, "ताई, इथं सगळ्याच घरात म्हातारी माणसं राहतात. तरणी सगळी मुंबईला."

"बरं, जिथे जास्त आहेत ते सांगा."

"मग त्या फणसाच्या पलीकडं जावा. सात हायत."

गेले. आणि खळ्यात पाऊल टाकताच माझं डोकं फिरलं. खळं नुकतंच सारवलेलं. ओटीवर सात म्हातारी माणसं ओळीने बसलेली. बायका इस्त्रीच्या लुगड्यांत, पुरुषांच्या टोप्या कडक. आतून तुपातल्या शिऱ्याचा वास. मी मनात म्हटलं, बातमी फुटली. समितीतल्याच कोणीतरी आधी कळवलं.

एक तिशीतला तरुण हात जोडत पुढे आला. नाव सुहास. मी ठरवून टाकलं, हा व्यवस्थापक.

"या ताई. लवकर आलात. बाकीची मंडळी?"

"बाकीची कशाला? बघायला मी एकटी पुरेशी आहे."

ओटीवर सगळ्यांनी एकदम पदर, टोप्या सावरल्या. मला बरं वाटलं. दरारा अजून शाबूत होता.

मी कोण, कुठली, कोणी काही विचारलं नाही. आपल्याकडे आलेल्याला चहा-पाणी दिल्याशिवाय नाव विचारत नाहीत, हे मी कोकणात जन्म घालवून विसरले. पोहे आले, शिरा आला, चहा आला. मी बशी हातात धरून प्रश्न सुरू केले.

"एकूण सात जण. ह्यांचं सगळं कोण करतं?"

मधे बसलेल्या आजी घाईघाईने म्हणाल्या, "आमचं काय फार नसतं हो. आपापलं करतो आम्ही. कोणाला त्रास नाय."

"रात्री उठावं लागतं का कोणासाठी?"

"छे. पडलो की सकाळीच उठतो."

कडेला बसलेले एक आजोबा म्हणाले, "खोटं कशाला बोलतंस गो? मी चारदा उठतो."

"तात्या, तुम्ही गप ऱ्हावा," आजींनी दटावलं.

झालं. पढवलेली माणसं मी बरोबर ओळखते. ह्या तात्यांना बोलू देत नाहीत म्हणजे पाणी मुरतंय. मी त्यांना उठवून फणसाखाली नेलं आणि हळूच म्हटलं, "घाबरू नका. इथे तुम्हाला कोणी त्रास देतं का?"

तात्यांनी मागे वळून पाहिलं. "देतं."

"कोण?"

"ती काय, मधी बसलीय ती."

"कधीपासून?"

"लग्न झालं तवापासून."

हे ऐकून तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मी समजले, आश्रमात जोडपीही ठेवतात. चांगली सोय आहे.

परत ओटीवर आले आणि मुद्द्याला हात घातला. "कामाला बायका किती आहेत?"

"सध्या एक पण नाय," आजी म्हणाल्या. आणि लाजून हसल्या. "आता येईल ना एक. तिच्यासाठीच तर हे सगळं चाललंय."

"एक? एकटी बाई सात जणांचं करणार? आणि तिला देणार काय?"

तात्याच म्हणाले, "द्यायचं काय? घरचीच ना ती."

"म्हणजे फुकट राबवणार," मी बशी खाली ठेवली. "दोन वेळा खायला घातलं की झालं, असंच ना? असल्या घरात कोणत्या बाईने पाऊल ठेवावं?"

आजींचा चेहरा उतरला. सुहास मात्र पुढे झाला. "ताई, ती राबायला नको. स्वयंपाक मी करतो. आताचे पोहे मीच केले. ह्यांच्या गोळ्या, डॉक्टर, सगळं मी बघतो. ती आली तरी मीच बघणार."

पोरगा खरं बोलत होता, ते मला कळलं. पण तपासणीत कळवळा दाखवायचा नसतो. मी म्हटलं, "न्हाणीघर दाखवा."

न्हाणी मागच्या पडवीला होती आणि तिथे मला घबाड सापडलं. फरशीवर शेवाळं. धरायला दांडी नाही. उंबरा गुडघ्याएवढा. मी जी सुटले ती सुटलेच. "इथे म्हातारं माणूस घसरलं की कंबर गेली. ब्रश आणा. फिनेल आणा. बघताय काय, पाणी ओता." पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि ब्रश हातात धरून स्वतःच फरशी घासून दाखवायला लागले. सुहास पाणी ओततोय, आजी फिनेल धरून उभ्या, तात्या उंबऱ्याशी धाक बसल्यासारखे.

तेवढ्यात खळ्यात गाडी थांबली. मी ब्रशसकट बाहेर आले. एक गृहस्थ, त्यांची बायको, एक जाडशा बाई आणि पंचविशीची एक मुलगी, नव्या ड्रेसमध्ये. मला वाटलं, नातेवाईक.

"भेटायची काही वेळ असते की नाही?" मी विचारलं. "कोणाला ठेवायला आणलंय?"

ते गृहस्थ गोंधळले. "ठेवायला म्हणजे... ही मुलगी."

"एवढ्या तरुण मुलीला इथे? तिच्या मनाविरुद्ध आणलंत का?"

"तसं नाही," ते बिचारे घाम पुसत म्हणाले. "तिला पसंत पडलं तरच."

"पसंत पडण्यासारखं काही नाहीये. चपला काढा, पाय पुसा आणि ओटीवर बसा. मला आतलं काम आहे."

मंडळी मुकाट्याने बसली. मी मागे वळले तर सुहास पांढराफटक. त्याने मला दंडाला धरून थेट मागच्या दारी नेलं.

"ताई, तुम्ही मुलीच्या आत्या ना?"

"कुठल्या मुलीच्या?"

"त्या जाड बाई आता म्हणाल्या, मी आत्या. मग तुम्ही कोण?"

मी समितीचं नाव सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. आश्रम वरच्या वाडीत होता. हे सुहासचं घर होतं. आजी-आजोबा, आजींच्या विधवा जावा, बिनलग्नाचे एक चुलत आजोबा, अशी सगळी घरचीच माणसं. ह्यांना बघायला कोणी नाही म्हणून हा पोरगा मुंबईची नोकरी सोडून आला होता. आणि आज मुलीकडचे घर बघायला येणार होते. मध्यस्थाने बजावलं होतं, आत्याबाई कडक आहेत, त्या म्हणतील त्याला हो म्हणा.

"आधीच्या दोन ठिकाणच्यांनी सात म्हातारी मोजली आणि चहा अर्धा टाकून गेले," सुहास म्हणाला. "ही मुलगी स्वतःहून येते म्हणाली. आता हिला कळलं, की सरकारची बाई आमचं घर वृद्धाश्रम समजून तपासायला आली, तर संपलंच."

मला रडूच आलं. इतकी वर्षं माणसांचे जीव सांभाळले आणि एका भल्या पोराचा संसार सुरू होण्याआधीच फिनेल टाकून घासून काढला. "मी येऊन माफी मागते त्यांची," म्हटलं.

"नको, नको. तुम्ही फक्त जावा. इथनंच."

मग काय, मी परसातून, गोठ्याच्या मागून, एक दगडी गडगा ओलांडून वरच्या वाडीला निघाले. निऱ्या अजून वर खोचलेल्याच आहेत हे खऱ्या आश्रमाच्या दारात कळलं. आश्रम छान होता. न्हाणीघरात धरायला दांड्या होत्या, कामाला बायका होत्या. सुहासच्या पोह्यांची सर तिथल्या उपम्याला नव्हती, पण ते अहवालात कुठे लिहायचं?

नंतरचे काही दिवस मला अन्न गोड लागेना. नवऱ्याने आपणहून मशीन कानात घातलं, म्हणजे बघा. शेवटी सुहासचा फोन आला. माझा नंबर त्याने समितीतल्या कोणाकडून तरी मिळवला होता.

"ताई, मुलीकडून निरोप आला. मुलगा पसंत, घर पसंत."

"आणि न्हाणी?"

"न्हाणीला दांडी बसवली मी. ते सोडा. त्यांची एकच अडचण आहे."

"काय रे?"

"तुम्ही. त्यांना वाटलं, तुम्ही आमच्याच घरातल्या. मुलगी म्हणते, सात म्हातारी चालतील मला, हसतमुख आहेत. पण ती आठवी नको."

मी त्याच संध्याकाळी मुलीचं घर शोधत गेले, ह्या वेळी नाव घेऊन विचारत, आणि त्या घराशी माझा काडीचा संबंध नाही असं सगळ्यांसमोर शपथेवर सांगितलं. मुलीच्या आईने डोळे मिटून सुस्कारा सोडला, उठून आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग मला विचारलं, चहा घेणार का.