क्लिफर्ड मिस्किटांचा निळा ठिपका

क्लिफर्ड मिस्किटा बॅट तपासायला बसले की मुलं आपोआप गप्प व्हायची. आधी ते घरून आणलेल्या स्वयंपाकाच्या काट्यावर बॅटीचं वजन घेत. मग तिचा फुगीर भाग लोखंडी कडीतून आरपार जातो का ते बघत. शेवटी लाकडी ठोकळ्याने तिच्यावर तीनदा वाजवून कान जवळ नेत. त्यांची मान हलली की मुठीच्या टोकावर निळ्या मार्करचा एक ठिपका उमटायचा. ठिपका नसलेली बॅट आमच्या स्पर्धेत चालत नसे, आणि ठिपका असलेल्या बॅटीवर बारा वर्षांत कोणी शंका घेतली नव्हती.

आमची स्पर्धा म्हणजे मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या नऊ शाळांची बेसबॉलची. आमच्या शाळा साध्या. अ‍ॅल्युमिनियमची चांगली बॅट एखाद्या शाळेकडे असायची, एखादीकडे नाही. म्हणून क्लिफर्डनी पहिल्याच वर्षी एक रीत पाडली. मैदानाच्या कडेला जुनी चादर अंथरायची, दोन्ही संघांच्या बॅटी तिच्यावर एकत्र मांडायच्या, आणि ज्याची पाळी येईल त्याने हवी ती उचलायची. समोरच्या शाळेची उचलली तरी कोणी नाही म्हणायचं नाही.

क्लिफर्ड मरोळच्या गावठाणातले, ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातले. हा खेळ त्यांना चर्चच्या मैदानावर एका फादरनी शिकवला. पस्तीस वर्षं ते तिथल्याच औद्योगिक वसाहतीत लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा घरच्या पडवीत त्यांनी एक छोटा लेथ बसवला आणि रविवारी पंच म्हणून उभे राहू लागले. मी मुलुंडच्या शाळेत मराठी शिकवायची आणि संघाबरोबर मैदानावर जायची. निवृत्त झाल्यावर नऊ शाळांनी मला तीन जणांच्या तक्रार समितीत घातलं. बारा वर्षांत समितीकडे एकच तक्रार आली होती, चादर कोणी धुवायची याची.

दुसरी आली ती या जानेवारीत.

उपांत्य सामना मुलुंड आणि अंधेरीच्या शाळांमध्ये होता. अंधेरीचा यज्ञेश नववीतला, हडकुळा. चादरीवर त्या दिवशी नवीनच दिसलेली एक चकचकीत बॅट घेऊन त्याने तीन चेंडू भिंतीपलीकडे घालवले. शेवटच्या डावात आमचा कर्णधार प्रीतम याने तीच बॅट उचलली. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या तोंडावर तो असा आला की तो पोरगा मटकन खाली बसला म्हणून वाचला. प्रीतमला टाळ्या मिळाल्या. पण तो तोंड पाडून परत आला आणि बॅट चादरीवर न ठेवता थेट प्रशिक्षिकेच्या हातात दिली. ती क्षमा, माझीच जुनी विद्यार्थिनी.

"मॅडम, हिच्यात काहीतरी लोचा आहे."

"एवढा मारून आलास ना? मग?"

"तेच तर ना. मी मारला नाही. मी नुसती लावली."

क्षमाने मूठ उलटी करून पाहिली. निळा ठिपका होता. अंधेरी एका धावेने जिंकली. अंधेरीच्या संघाची प्रशिक्षिका शर्लिन ही क्लिफर्डच्या भावाची मुलगी.

संध्याकाळी क्षमाचा फोन आला. "बाई, पुतणीची शाळा, काकाचा ठिपका, आणि काकाच्या घरात लेथ. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

तिचं म्हणणं सोपं होतं. ही बॅट आतून पोकळ असते. टोकाची टोपी काढून आतला पत्रा लेथवर घासून पातळ केला की बॅट स्प्रिंगसारखी चालते. चेंडू लांब जातो, आणि पंचवीस पावलांवर उभ्या असलेल्या पिचरला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रीपर्यंत निकाल लागला होता: सगळं सेटिंग आहे.

समितीने बॅट माझ्या ताब्यात दिली आणि चौकशीही. "तुमचं त्यांचं बरं आहे, तुम्हीच जाऊन या," बाकीचे दोघे म्हणाले. शंका खरी ठरली असती तर क्लिफर्डचा ठिपका गेला असता आणि मैदानावरची जागाही. पुढच्या रविवारच्या आत अहवाल द्यायचा होता.

खरं सांगायचं तर तोवर मलाही शंका यायला लागली होती. या मोसमातले क्लिफर्ड वेगळे होते. पाठीमागून हाक मारली तर वळत नसत. कोणी काही विचारलं तर हसून मान हलवत आणि दुसरीकडे निघून जात. पहिल्या बेसवरचा निकाल देताना आधी खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे बघत, मग हात वर करत. माणूस काही लपवायला लागला की आधी उत्तरं द्यायचं टाळतो, हे मी वर्गात कितीदा तरी पाहिलेलं.

म्हणून एका सकाळी न कळवता मरोळला गेले. हातात बॅट पाहून त्यांची बायको लूर्डस दारातच हसली. "काय टीचर, खेळायला निघालात की काय?"

क्लिफर्ड पडवीत लेथ पुसत होते. खाली अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकाकत्या गुंडाळ्यांचा ढीग. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

"ड्रॉवरच्या मुठी," ते म्हणाले आणि एक डबा उघडून दाखवला. होत्या खऱ्या मुठी. पण मुठी करणारा बाकी काही करत नाही असं थोडंच असतं?

मी लेथ पाहत पाहतच विचारलं, "शर्लिन ही बॅट घेऊन इथे आली होती का?"

उत्तर नाही. क्लिफर्ड फडकं फिरवत राहिले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा आतून लूर्डस घाईघाईने ओरडली, "नाही हो टीचर! नाताळनंतर तिने इथे पाऊल टाकलं नाही."

नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बायकोने द्यावं, हे मला आवडलं नाही. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"क्लिफर्ड, लोक म्हणतात ही बॅट तुम्ही आतून घासली."

ते रागावले नाहीत. त्यांनी बॅट माझ्या हातातून घेतली आणि लेथवर आडवी ठेवली. ती हातभर बाहेर राहिली. "हा लेथ दीड फुटाचा, टीचर. ही कुठे बसवू, सांगा."

मी वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं. बसत नव्हती. हे त्यांनी आधीच कोणाला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "कोणी मला विचारलं कुठे? आपसातच विचारतायत सगळे."

"बरं, घासली नाही. मग पास कशी केलीत?"

"वजन बॅटीवर छापल्याप्रमाणे होतं. कडीतून गेली. आवाज बरोबर होता."

"आवाज बरोबर होता?"

त्यांनी कोपऱ्यातली एक चिरलेली जुनी बॅट काढली आणि दोन्ही माझ्यासमोर ठोकळ्याने वाजवल्या. जुनीचा आवाज डाळीने भरलेल्या डब्यासारखा, घट्ट. दुसरी रिकाम्या पातेल्यासारखी घणघणली. शेजारच्या घरातलं मूलही फरक सांगू शकलं असतं.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "दोन्ही सारख्या."

मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या ओळखीचा माणूस तोंडावर खोटं बोलतो म्हणजे काय! तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ते बॅटीकडे बघतच नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. ती नजर माझ्या ओळखीची होती. फळ्यावर वाक्य लिहून झालं की काही मुलं वाक्याकडे बघत नाहीत, बाईंकडे बघतात. चुकलं का बरोबर, ते चेहऱ्यावरून काढायला.

मी पदर तोंडापुढे धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "क्लिफर्ड, तुम्हाला हा फरक ऐकू येत नाही ना?"

ते हसले आणि त्यांनी मान हलवली.

लूर्डस चहाचे कप घेऊन दारात उभी होती. नवऱ्याच्या समोर येऊन ती सावकाश म्हणाली, "आता सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते." आणि त्यांची वाट न पाहता माझ्याकडे वळली. "तीन वर्षं झाली, टीचर. बारीक आवाज गेले सगळे. त्या कारखान्याने दिलेली ही पेन्शन. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात झोपलंय. पंचाच्या कानात मशीन बघून पोरं हसतील, म्हणे."

क्लिफर्ड स्टुलावर बसले.

"टीचर, असं लिहा ना की काही सिद्ध झालं नाही."

"मग लोक तुम्हाला बेइमानच म्हणत राहतील."

"म्हणू दे. दोन वर्षं म्हणतील, मग विसरतील. बहिऱ्या पंचाला कोण उभं करणार? पहिल्या बेसवर डोळा पोराच्या पायावर ठेवायचा आणि कान हातमोज्यावर. आधी पाय टेकला की आधी चेंडू वाजला, त्यावर निकाल. कान गेला म्हणजे पंच गेला, टीचर."

पण बॅटीचं काय ते अजून कळलंच नव्हतं. ती कापून बघावी लागेल, असं क्लिफर्डच म्हणाले. मी समितीतल्या दोघांना फोन करून विचारलं, मग शर्लिनला. ती म्हणाली, "कापा. मलापण बघायचंय. यज्ञेशच्या वडिलांनी कुर्ल्याच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलीय. काका बघतील म्हणून मी बघितली नाही."

क्लिफर्डनी टोपी उचकटली. खाली खिडकीच्या काचेला लावतात तसलं राखाडी लुकण आणि त्यात रोवलेले शिशाचे छर्रे. पत्रा घासून कमी झालेलं वजन कोणीतरी हिशेबाने परत भरलं होतं, म्हणून काटा फसला. मग त्यांनी करवतीने बॅट उभी कापली. आतल्या बाजूला बारीक गोल रेषा होत्या, एकीला लागून एक. जुन्या बॅटीचा पत्रा मोजला, हिचा मोजला. हिचा अर्ध्याहून थोडासाच जास्त.

"काम चांगलं केलंय," ते रेषांवरून नख फिरवत म्हणाले. "शिकलेला हात आहे." मग एकदम थांबले. "तो अंधेरीचा पिचर कोण? जो खाली बसला तो?"

"आठवीतला आहे."

"बसला नसता तर चेंडू कुठे लागला असता?"

मी आपल्या गालावर बोट ठेवलं.

त्यांनी बॅटीचे दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून ठेवले. चहा तसाच गार झाला. निघताना मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "अहवाल लिहू नका. रविवारी सगळ्यांना चादरीपाशी बोलवा."

रविवारी सामना पुन्हा खेळवायचा ठरला होता, कारण ती बॅट दोन्ही संघांनी वापरली होती. क्लिफर्ड बॅटीचे दोन अर्धे तुकडे घेऊन उभे राहिले. एका वाक्यात सांगितलं: बॅट खोटी होती, मला आवाज ऐकू आला नाही, तीन वर्षं येत नाही, आणि मी ते लपवलं.

मागून एक पालक म्हणाला, "म्हणजे तीन वर्षांचे सगळे निकाल खोटे म्हणायचे का?"

क्लिफर्डना ते ऐकू गेलं नाही. शर्लिन त्यांच्या समोर गेली आणि एकही शब्द मऊ न करता तिने ते वाक्य त्यांना सांगितलं.

"सगळे नसतील," ते म्हणाले. "काही असतील. कुठले ते मला माहीत नाही."

क्षमा माझ्याजवळ आली. "बाई, बहिरा झाला म्हणजे सुटला का माणूस?" मी काही बोलायच्या आत ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि स्कूटरच्या किल्ल्या खुळखुळवल्या. पोरं वळून बघायला लागली. क्लिफर्ड वळले नाहीत. क्षमा परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, पण जिभेने हार मानली नव्हती. "ऐकू आलं नाही असं दाखवताही येतं म्हणा."

बॅट कोणी घासली ते आजतागायत ठरलेलं नाही. यज्ञेशचे वडील दुकानाकडे बोट दाखवतात. दुकानदाराला ती बॅट आठवत नाही. ग्रुपवरचे काही जण अजून क्लिफर्डचंच नाव घेतात.

त्या दिवशी बॅटी वाजवल्या क्लिफर्डनीच, पण ऐकायला दोन्ही संघांतला एकेक मुलगा चादरीकडे पाठ करून उभा केला. दोघांचं एकमत झालं तरच ठिपका. प्रीतम आणि यज्ञेश उभे राहिले. एका बॅटीवर प्रीतम म्हणाला ठीक, यज्ञेश म्हणाला नाही. लगेच दोन्हीकडून कुजबूज सुरू झाली.

"अरे, ती आमची जुनी आहे!" क्षमा ओरडली. "गेल्या वर्षी ह्यांनीच पास केली होती!"

यज्ञेश लाल झाला. "मला नाही माहीत कोणाची, मॅडम. आवाज वेगळा वाटला."

क्लिफर्डनी आळीपाळीने दोन्ही मुलांचे ओठ पाहिले, मार्करचं टोपण लावलं आणि ती बॅट चादरीबाहेर ठेवली. "गेल्या वर्षीचं माझ्या नावावर सांगू नका," ते क्षमाला म्हणाले.

पंच म्हणून घाटकोपरच्या शाळेतले एक तरुण सर उभे राहिले. क्लिफर्ड गुणांची वही घेऊन टेबलापाशी बसले. दुसऱ्याच डावात पहिल्या बेसवर पाय आणि चेंडू एकदमच आल्यासारखे आले. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला आणि मैदानभर माना सवयीने टेबलाकडे वळल्या. माझीही वळली. कोणीतरी खांद्याला हात लावल्यावर क्लिफर्डनी डोकं वर केलं, सगळे आपल्याकडे का बघतायत ते त्यांना कळलं, आणि त्यांनी बेसवरच्या नव्या पंचाकडे बोट दाखवलं. मग त्या सरांचा हात कुठल्या बाजूला जातो ते बघत पेन्सिल धरून बसून राहिले.