अंगणातलं मतदान

"हात खाली धर. आजून खाली."

आबांचा धाकटा भाऊ माझ्या बापाला म्हणला. बापाच्या निम्म्या वयाचा. बापानं हात गुडघ्यापाशी नेला. मग वरनं बेलाचं पान आन् चिमूटभर भंडारा पडला. हाताला हात लागू नये म्हणून वरनं. निम्मा भंडारा बापाच्या सदऱ्यावर सांडला.

"म्हण, शिक्का आबा सांगतील तिथंच."

बाप म्हणला.

बेलभंडार उचलला म्हंजी देवाची शपथ घेतली. मोडली तर घराचं वाटोळं, असं गाव मानतं. मतदानाच्या आदल्या दिशी आमची सगळी बौद्धवस्ती आबांच्या अंगणात रांगेनं उभी करायची आन् एकेकाच्या हातावर तो टाकायचा, ही रीत. आबा म्हंजी गावचे मोठे बागायतदार. ऊस त्यांचा, सोसायटी त्यांची, आमच्या वस्तीला काम देणारे बी तेच.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. पलीकडं दौंड. माझं ते पहिलंच मत होतं. माझ्या बी हातावर पडलं. बापानं घरातले देव माझ्या जन्माच्या आदी नदीत सोडलेले. भिंतीवर एकट्या बुद्धाचा फोटो. आन् तोच माणूस आबांच्या अंगणात भंडारा कपाळाला लावत होता.

घरी येताना मी बापाला विचारलं, "दादा, आपण देव मानत न्हाई ना? मग शपथ कसली?"

"देवाची न्हाई गं. आबांची."

एवढंच बोलला. मला रडू आलं न्हाई, राग आला. आन् तो आबांचा न्हाई, बापाचा आला.

दुसऱ्या दिशी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत उभं राहून गेलो, शिक्का मारला, ट्रॉलीतनंच माघारी आलो. वस्तीतलं म्हातारं-कोतारं बी सुटलं न्हाई.

पुढं माझं लगीन झालं, नवरा वारला, पोरगी घेऊन मी माहेरी आले आन् पुन्हा खुरपायला जायला लागले. तोवर शिक्का जाऊन मशीन आलं होतं. अंगणातली रीत तीच.

तवा दौंडच्या एका संस्थेची ताई जीप घेऊन वस्तीत आली. शिकलेली, पुण्याकडची. विहारात सगळ्यांना बसवून म्हणाली, "मत कुणालाही द्या. आम्हाला सांगूसुद्धा नका. पण द्या."

मी मनात म्हणलं, पाणी मुरतंय कुठंतरी. उठून विचारलं, "ताई, तुमाला काय मिळतं ह्यात?"

"मुंबईची एक ट्रस्ट फंड देते. कुठल्याच पक्षाची नाही."

वस्ती हसली. आमची चुलती म्हणली, "बिनपक्षाचा पैसा आमी तर न्हाई बघितला, बाई."

ताई बी हसली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, तुमच्यासारखी फटकळच कार्यकर्ती पाहिजे, मानधन देऊ. मी हो म्हणलं. इश्वास बसला म्हणून न्हाई. खुरपणी चार दिस असती, चार दिस नसती, पोरीला खायला रोज लागतं. आन् ह्यांच्या पोटात काय हाय ते आत शिरून बघावं, हे बी होतं.

मी घरोघर हिंडले. आमच्या वस्तीत, नदीपलीकडं राहू गावाच्या अंगाला. जिथं जाईल तिथं पहिला सवाल एकच, कुणाचा पैसा? गाव म्हणलं, हिला आबांच्या विरोधकांनी फोडली. वस्ती बी तेच म्हणायला लागली. चुलतीनं तर एक दिस मला बघून दार लावून घेतलं. मला त्यांचा राग येईना. मी त्यांच्या जागी असते तर मी बी लावलं असतं. मी सोता ताईवर नजर ठेवून होते, जीप कुठं थांबती, ताई कुणाकडं जेवती. एकदा जीप आबांच्या बंगल्यापुढं दिसली. विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांना भेटावं लागतं. आपण निष्पक्ष आहोत." मला काय ते पटलं न्हाई.

मतदानाला थोडे दिस राहिले तवा ट्रस्टचे सर आले. विहारात त्यांना खुर्ची, आमी सतरंजीवर. सर ताईला म्हणाले, "या लोकांना मताची किंमतच कळत नाही. म्हणून तर आम्ही पैसा लावतो."

आमच्यासमोर. आमी जणू बहिरेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी म्हणलं, "सर, किंमत कळती. आबांना तर आमच्यापेक्षा जास्त कळती. इथं मत टाकायचं कुणी ऱ्हातच न्हाई. ट्रॅक्टर येतो." आन् बेलभंडाराचं सगळं सांगितलं. कसं उभं करतात, कसं वरनं टाकतात. बाप मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत बसला. त्याला लाज वाटत होती, मला दिसत होतं. तरी मी थांबले न्हाई.

सर माझ्याशी न्हाई, ताईशी बोलले. "हा गावातला धार्मिक विषय आहे. आपण यात पडायचं नाही. फंड निष्पक्ष कामासाठी आहे. आपलं काम मतदानाचा टक्का वाढवणं." मग माझ्याकडं बघून हसले. "तुम्ही बोलता मात्र छान."

आबांच्या भावाचा हात वरनं यायचा, ह्यांचा शब्द वरनं आला.

जीपपाशी ताई हळूच म्हणाली, "आदल्या दिवशी तू अंगणात जाऊ नकोस. कार्यकर्ती तिथं दिसली तर संस्था एका बाजूची ठरेल. तुझं काम जाईल."

"आन् बाकीच्यांनी हात पुढं करायचे?"

"ते त्यांचं त्यांनी ठरवायचं."

ताई वाईट बाई नव्हती. पण वर एक हात हाय आन् खाली एक हात हाय, तिथं मधी उभं राहून कुणाचीच बाजू न घेणं म्हंजी काय, ते मला त्या दिशी कळलं.

आदल्या दिशी आबांचा निरोप आला. मी गेले. रांगेत बापाच्या शेजारी उभी राहिले.

"हात."

मी हात पाठीमागं नेले. आबांच्या भावाची मूठ सुटलीच होती. पान आन् भंडारा भुईवर पडला.

"उचल."

"न्हाई उचलणार. मत टाकणार. कुणाला, ते माझं मी बघंल."

आबा बाजंवर बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. "कुणाचा पैसा बोलतोय हा?"

"आबा, ज्यांचा पैसा हाय त्यांनीच मला हितं जाऊ नको म्हणलंय."

मला वाटलं, आता बाप बी हात मागं घेईल. आबांच्या भावाची मूठ बापापुढं आली. बापानं माझ्याकडं बघितलं न्हाई. हात खाली नेला, गुडघ्यापाशी. त्याच्या मागं सगळ्या रांगेनं नेला.

सकाळी ट्रॉली भरून गेली. मी रस्त्यानं चालत गेले, बटन दाबलं, चालत आले. त्याच आठवड्यात ताईचा निरोप, कामावर येऊ नको. आबांकडनं तक्रार गेली होती, कार्यकर्ती राजकारण करती म्हणून. आबांच्या रानातली खुरपणी बी बंद झाली. पुढं ताईच भेटली तवा तिनं मान खाली घालून सांगितलं, मुंबईच्या मीटिंगमधी आमच्या वस्तीचा टक्का लई भारी म्हणून टाळ्या वाजल्या. टक्का ट्रॅक्टरचा, टाळ्या सरांना.

आता मी दुसऱ्यांच्या रानात दूर जाते कामाला. मतदान जवळ आलं की एकटीच वस्त्या धरते, नदीच्या ह्या बाजूच्या, त्या बाजूच्या. मत द्या असं मी कुणाला म्हणत न्हाई. ते देतातच. मी म्हणते, हात पुढं करू नका. काही जण आत बोलवतात. काही जण कुत्रं सोडतात.

पैसेवाले आजून येतात, नवी नवी माणसं. पैसा मला नको असं न्हाई. एसटीला लागतो, पोटाला लागतो. पण मी आदी विचारते, आदल्या दिशी अंगणात माझ्या शेजारी उभं राहणार का? ते म्हणतात, हे आमच्या कामात बसत नाही. मी म्हणते, मग तुमचा पैसा बी माझ्या हातात बसत न्हाई.

आजवर एकानं बी हो म्हणलेलं न्हाई. न्हाई तर न्हाई. पुढच्या मतदानाला मी त्या रांगेत हाय. बाप माझ्याशी बोलला तरी, न्हाई बोलला तरी. कुणी पैसा दिला तरी, न्हाई दिला तरी. त्या रांगेतला एक जरी हात पुढं येतोय, तवर माझं काम संपलेलं न्हाई.