तारेवरचे बांगडे

ऐकून घ्या, पण हसायचं ते शेवटी. मधेच हसलात तर माझं सांगणं तिथेच थांबेल, कारण मुळात मी बोलणारी बाई नव्हे. माहेरी मालवणात म्हणायचे, ही पोर चहा पाहिजे हेसुद्धा भांडं वाजवून सांगते. आणि अशा मला अख्ख्या जंगलखात्यानं ऐकलं. कसं, ते सांगते.

लग्न होऊन आम्ही घाटावरच्या चौकीत राहायला गेलो. हे जंगलखात्यात, वणव्याच्या कामावर. हत्यारांचं कोठार आणि वायरलेसचा सेट, दोन्ही ह्यांच्या ताब्यात. सेट लष्करातून उतरलेला, जुना, गोव्याच्या बाजूनं फिरत फिरत आमच्याकडे आलेला. मोठ्या साहेबांनी तो एका उन्हाळ्यापुरता दिला होता. संपर्क नीट राहिला तर सेट चौकीत राहणार आणि ह्यांची नोकरी कायम. नाही राहिला तर सेट दुसऱ्या चौकीला, आणि हे परत लाकडाच्या डेपोत रोजंदारीवर. हे मला ह्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. सोन्याचं काही नव्हतं सांगण्यासारखं, म्हणून सेटचं सांगितलं असेल.

पण माणूस कामाचा हो! कोठारात भिंतीवर प्रत्येक कोयत्याची, फावड्याची, दाताळ्याची चुन्यानं आकृती काढलेली. हत्यार काढलं की भिंतीवर त्याची पांढरी सावली राहते. काळोखात हात घातला तरी हवं तेच हातात यावं. नव्या घरात माझी जागा कुठली ते मला महिनाभर कळत नव्हतं, कोयत्याची मात्र ठरलेली होती.

आणि सेटसमोर बसले की ह्यांचा आवाज काय लागायचा! शांत, स्वच्छ, एक शब्द वाया नाही. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे पलीकडच्यानं बोलायचं. मी दाराआडून ऐकायची. माझ्याशी हे असंच मोजकं बोलायचे, पण ‘ओव्हर’ म्हणत नसत. त्यामुळे माझी पाळी कधी येते ते मला कळायचंच नाही.

तर चैत्रात माझ्या भावानं एस्टीनं बांगड्यांची पाटी पाठवली. पावसाळ्याची बेगमी. मी ते कापून, मीठ लावून ठेवले. आता वाळत घालायचे कुठे? जमिनीवर मुंग्या, पत्र्यावर कावळे, अंगणात चौकीचा कुत्रा. आणि परसात बघते तर काय, फणसापासून खांबापर्यंत तांब्याची लखलखीत तार. उंच, ताणलेली, भर उन्हात. मालवणच्या कुठल्या मुलीनं ती तशीच रिकामी सोडली असती, तुम्हीच सांगा.

ह्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सेटच्या खोलीतल्या कशाला हात लावू नकोस. मी लावला नाही. तार बाहेर होती.

सकाळी हे सेटवर बोलले, की पलीकडच्या डोंगरावर धूर दिसतोय, बघून येतो. आणि गेले. मी काथ्यात ओवून बांगडे तारेवर टांगले. तार झोळीसारखी खाली आली. कपड्यांच्या दोरीला आपण काठी लावतोच की. कोठारात दोन दातांचा लांब लोखंडी आकडा होता, पेटतं लाकूड ओढून काढायचा. तो आणला, दातांत तार बसवली, आणि खालचं टोक केळीच्या बुंध्यापाशी ओल्या मातीत घट्ट रोवलं. मागं सरून बघितलं. छान दिसत होतं.

दुपारी हे परतले. वणवा नव्हताच, कुणी भाताच्या रोपांच्या तरव्यासाठी जमीन भाजत होतं. तेवढं कळवायला हे सेटसमोर बसले आणि सेट मुका. बॅटरी बघितली, आतल्या तारा पुसल्या, मागचं झाकण काढलं. मी सोलकढी नेऊन ठेवली, तिच्यावर माशी बसली तरी ह्यांचं लक्ष नाही. कपाळावर घाम, पण घाई नाही. एकेक स्क्रू काढून क्रमानं फडक्यावर मांडत होते, जसं काही देवाची उपकरणी मांडावी. मी आत जाऊन देवाला गाऱ्हाणं घातलं, की ह्यांच्या सेटाक वाचा दी, नारळ देतंय. मग बाहेर जाऊन बांगडे उलटे करून आले.

तिकडे खाली मुख्य स्टेशनात काय झालं असेल? ‘धूर दिसतोय, बघून येतो’ एवढा निरोप, आणि त्यानंतर दिवसभर चिडीचूप. ते धरून चालले की चौकी वणव्यात सापडली. उन्हं कलायच्या आत माणसांनी भरलेला ट्रक घाट चढून दारात. पुढच्या सीटवर मोठे साहेब.

साहेबांनी उतरून चारी बाजूंना बघितलं. धूर नाही, राख नाही. ह्यांनी सगळं खरं सांगितलं, सेट परत जोडूनही मुकाच आहे हेसुद्धा. साहेब रागावले नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाले, “संकटाच्या वेळी जो सेट बोलत नाही, तो इथे ठेवून काय करू? उद्या उतरवा.”

ह्यांनी मान हलवली.

जायच्या आधी साहेबांनी कोठार बघायला मागितलं. भिंतीवरची मांडणी बघून थबकले, खूश झाले असावेत. मग एका लांबोळक्या पांढऱ्या सावलीवर बोट ठेवून म्हणाले, “ही जागा रिकामी का?”

ह्यांचा चेहरा उतरला. सेट मुका झाला तेव्हा उतरला नव्हता एवढा. ह्यांच्या भिंतीवर कधी जागा रिकामी नसायची.

आमचा म्हातारा रखवालदार बाबल मागे उभा होता. तो शांतपणे म्हणाला, “तो आकडो मां? तो वैनींनी बांगड्यांका लायल्यानी.”

“कशाला?” साहेब म्हणाले.

“तारेर बांगडे आसत नाय ते? सकाळपासून बघतंय. माका वाटला सायबाचो हुकूम आसतलो.”

सगळी फौज परसात. ओळीनं लटकलेले बांगडे, त्यांच्या मधोमध तो लोखंडी आकडा. ह्यांना बघताक्षणी कळलं, सेटचा आवाज पकडणारी तार तीच, आणि माझा आकडा तो आवाज ओल्या मातीत उतरवत होता. मग ह्यांनी पुढे होऊन आकडा मातीतून उपसला, आणि त्याच क्षणी आत सेट खरखरून बोलायला लागला. खालच्या मुख्य स्टेशनातून दुपारपासून हाका मारणारा तो आवाज.

पण आकडा काढताच तारेला पुन्हा झोळ पडला आणि ती ओल्या केळीला टेकायला लागली. ह्यांनी चटकन एक सुका बांबू लावून ती उचलून धरली. दुसरं टोक घसरलं, तिथे साहेबांनी बांबू लावला. बाबल बांगडे सोडवायला लागला, ते काही लवकर सुटेनात, काथ्याच्या गाठी माझ्या होत्या. आत आवाज हाका मारतोय. ट्रकमधली माणसं आणखी बांबू तोडायला पळालेली. मोकळं कोण? मी.

हे वर हात करूनच म्हणाले, “अगो, आत जा. लाल बटण दाब आणि बोल. बोलान झाला की ओव्हर म्हण.”

गेले. दाबलं. ऑफिसातली मराठी जेवढी येत होती तेवढी गोळा केली. “ऐकतेय. ओव्हर.”

“कोण बोलतंय? ओव्हर.”

आता ह्यांचं नाव मी घेऊ कशी? “मी ह्यांच्या घरातली. ओव्हर.”

“ते कुठे आहेत? साहेब पोचले का? आग कुठे आहे? ओव्हर.”

“आग नाही. हे परसात तार धरून उभे आहेत. साहेब पण तार धरून उभे आहेत. तारेवर माझे बांगडे आहेत. खारवलेले आहेत, फार जड नाहीत. ओव्हर.”

पलीकडून अगदी सावकाश आलं, “पुन्हा सांगा. ओव्हर.”

मी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात तिसऱ्याच कुठल्या चौकीतून हसू ऐकू आलं, मग चौथ्या. त्या सेटवर एकानं बोललेलं सगळ्या चौक्यांना जातं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेब हात धुऊन आले आणि त्यांनी स्वतः विचारलं, आवाज कसा येतोय. उत्तर आलं, इतका स्वच्छ आवाज ह्या चौकीचा आजवर आला नव्हता. साहेबांनी परत एकदा ती कोठाराची भिंत बघितली, म्हणाले, “सेट राहू द्या. तार मात्र सेटचीच राहू द्या.” जाताना केळीच्या पानात गुंडाळून बांगडे घेऊन गेले.

ट्रक गेला. मी चुलीपाशी बसून ओरडा खायची वाट बघत होते. ह्यांनी आधी आकडा धुऊन आपल्या जागी टांगला, परसात माझ्यासाठी काथ्याची वेगळी दोरी ताणली, आणि मग येऊन पाटावर बसले.

“बरी बोललंस,” हे म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “ओव्हर.”

म्हणजे माझी पाळी. सगळ्या खात्यासमोर बोललेली मी, भांडी वाजवायला लागले. शेवटी म्हटलं, “बांगडो वाढू?”

हे ताट पुढे धरून तसेच बसून राहिले. कढी निवली, भात निवला. मला वाटलं रुसले. मग लक्षात आलं, मी ‘ओव्हर’ म्हटलंच नव्हतं.