आपल्याच माणसाची साइट

"रास वृषभ, मामा निपाणीचे, रंग गोरा. गोरा म्हणजे किती गोरा? दाखवा की जरा."

माझी नात फोन कानाला लावून यंत्रमागाच्या खोलीत उभी होती. वीज गेलेली, माग बंद, म्हणून मलाही ऐकू आलं. मी फोन हिसकावून बोलणाऱ्याला अशा शिव्या घातल्या की शेजारीण दारात आली. त्यानं फोन ठेवला. लगेच दुसऱ्या नंबरावरून फोन आला.

माहिती आम्हीच भरली होती. वडगावातल्या आमच्याच एका विणकरानं लग्नं जुळवायची साइट काढली होती. माझ्या मुलानं ती उघडली, तर आधी लाल खूण आली. खाली लिहिलं होतं, इथे दिलेली माहिती चोरीला जाऊ शकते.

"आप्पा, नको. बंद करा," नात बापाला म्हणाली.

"ही काय बँक हाय व्हय? आपल्याच माणसाची साइट हाय."

सून भाजी निवडत होती. "तसलं सगळीकडंच येतंय. मी वाचतच न्हाय. खालचं दाबायचं, पुढं जायचं."

मुलानं दाबलं. फोटो, जन्मवेळ, पोरीचा नंबर, सगळं भरलं.

असले फोन यायला लागल्यावर मी त्या विणकराच्या घरी गेले. माहिती वाटेत चोरली की त्यानंच विकली, मला आजही माहीत नाही.

तो म्हणाला, "आक्का, मशीन नको म्हणत हुतं. तुमच्या पोरानंच पुढं दाबलं न्हवं?"

"उघड्या विहिरीवर पाटी लावून बसलास व्हय रं? साइटवरनं फोटो काढ आधी."

त्यानं काढला. फोन थांबले नाहीत.

मुलगा पोरीवरच खेकसला, "बंद करून टाक तो नंबर!"

तिला बंद करता येत नव्हता. बेळगावातल्या एका ऑफिसात तिनं नोकरीसाठी तोच नंबर दिला होता आणि बोलावणं कुठल्या नंबरावरून येईल ते ठाऊक नव्हतं. म्हणून ती प्रत्येक फोन उचलायची, घाण ऐकायची, ठेवायची. मी मागितला तरी फोन माझ्या हातात देईना. "तू ऑफिसवाल्यालाच शिव्या घालशील."

शेवटी बोलावणं आलं. आता ती पिरनवाडीहून येणाऱ्या बसनं कामाला जाते, नंबर नवा आहे. मुलगा लोकांना सांगतो, आम्ही लई सोसलं.

त्यानं एकही फोन उचलला नाही. मी एक हिसकावला. बाकीचे सगळे तिनं उचलले.