पासवर्ड बरोबर, तरी आत घेईना

मी चौथी शिकलेला माणूस. मुलगी सुरतला नांदायला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडेच राहिला. बायको वारली. तिचा एकच व्हिडिओ, मिरच्या खुडतानाचा, मोबाईलमधून मी त्यात उतरवून घेतला होता. मग मोबाईल विहिरीत पडला.

आम्ही मिरचीवाले. बी कधी एकाच मडक्यात ठेवत नाही. एकाला कीड लागली तर दुसरं असावं. म्हणून दर सोमवारी मी त्या व्हिडिओची नवी नक्कल करायचो. वर्ष झालं.

एका सकाळी पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला अन् परत पासवर्ड मागू लागला. दहा वेळा टाकला. चुकला म्हणत नाही, आत घेत नाही! नंदुरबारचा दुकानदार म्हणाला, "बाबा, सगळं पुसून नवीन टाकून देतो." म्हटलं, तुझं घर पूस. कॉम्प्युटर रिक्षात घातला, परत आणला, मुलीला फोन लावला.

"आबा, कंट्रोल, आल्ट अन् एफ थ्री, तिन्ही एकदम दाबा."

"एका हातमा फोन शे. बोटं कोठून आनू?"

"फोन खाले ठेवा ना!"

काळा पडदा, पांढरी अक्षरं. ना चित्र, ना बाण. माउस फिरवला तर काही हलेना. ती एकेक इंग्रजी अक्षर सांगे, मी कीबोर्डावर धुंडाळत बसे. शेवटी कळलं, कॉम्प्युटरातली जागाच संपली होती.

"एकच व्हिडिओ पन्नास येळा? आबा, हाई तुम्हनंच काम शे!"

शेवटची नक्कल अर्धीच उतरली असणार, ती अन् आणखी काही पुसा, म्हणाली. इथे पुसलं की कायमचं जातं, हे यंत्र एकदा विचारतसुद्धा नाही. प्रत्येक नकलेपुढचा, ती किती मोठी आहे तो आकडा वाचून दाखवला. एकीचा लहान होता. त्या नकलेचं नाव टाकलं अन् एंटरवर बोट ठेवून बसलो.

"दाबा ना, आबा."

"अग्नी मीच दिधा. आते हाई बी मीच पुसू?"

 ती रडक्या आवाजात म्हणाली, "बाकीन्या शेतस ना. दाबा."

दाबलं. आणखी सहा पुसल्या, बंद करून चालू केला. आत घेतलं मेल्यानं. व्हिडिओ लावला. बायको माझ्यावर खेकसली, "बंद करा ते डबडं, मन्हा हात तिखटना शेतस!"

मुलगी फोनवर म्हणे, आता बाकीच्या पण काढा. म्हटलं, तू ये अन् तूच काढ.