पाहुणीचं मन आणि शेवंताबाईंचा डोळा

शेवंताबाईंनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा बिनचूक दाखवली तेव्हा डोळे तपासणाऱ्या परदेशी एमानं टाळ्या वाजवल्या. दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स, म्हणजे अगदी ठणठणीत, असं तिनं कागदावर लिहिलं. शेवंताबाईंबरोबर फोटो काढला आणि त्यांना कागद देऊन सहीसाठी माझ्या टेबलाकडे पाठवलं. येताना त्यांचा डावा खुबा बाकाच्या कोपऱ्यावर असा आदळला की बाक सरकला. तो त्यांना दिसलाच नव्हता.

मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात डोळे तपासायचं काम केलं. आता रिटायर होऊन मंगळवार पेठेत घरी असते. उचगावात मोफत नेत्रशिबिर आहे, परदेशातून व्हॉलंटियर आलेत, तुम्ही फक्त सह्या करायला बसा, असं शिबिर भरवणाऱ्या ट्रस्टचे कोऑर्डिनेटर देसाई म्हणाले होते. कागदावर शिकलेल्या माणसाची सही लागते, म्हणून मी. तपासणार कोण, हे मी विचारलं नाही. ती माझी चूक. सकाळपासून अर्धा गठ्ठा मी सह्या करून मोकळा केला होता.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ई या अक्षराचा तक्ता असतो. ई चं तोंड कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. ज्या बाजूला तोंड असेल तिकडे माणसानं हात करायचा. सोपं काम आहे. पण रांग तपासणीच्या खुर्चीसमोरच बसवायची नसते, आणि दरवेळी ओळ एकाच टोकाकडून विचारायची नसते. दवाखान्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथं पन्नासभर माणसं समोर सतरंजीवर बसून पुढच्याचे हात बघत होती.

मी शेवंताबाईंना परत खुर्चीवर बसवलं, उजवा डोळा झाकला आणि छडी ओळीच्या शेवटाकडून सुरू केली. त्यांनी हात केले ते मघाचेच. वर, उजवीकडे, खाली, खाली. एकही बरोबर नाही. मी तोंडासमोर दोन बोटं धरली. किती आहेत, विचारलं.

"तुम्ही धरलाय तेवढी की," त्या म्हणाल्या.

टॉर्च मारला. पापणीवरून हलकेच बोट दाबून पाहिलं. डावा डोळा गोटीसारखा कडक लागला. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का, डोकं दुखतं का, असं विचारत गेले. व्हय, सहा म्हैनं झालं, म्हणाल्या. त्यांच्या दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालतात. डाव्या अंगाला म्हैस येऊन उभी राहिली तरी कळत नाही, दोनदा चरवी सांडली. आणि अलीकडे उजव्या डोळ्यालासुद्धा कधीमधी कडं दिसतं.

याला काचबिंदू म्हणतात. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नजरेची शीर वाळत जाते. गेलेली नजर परत येत नाही. या प्रकारात एक डोळा असा गेला की दुसराही त्याच वाटेवर असतो. लेझरनं त्या दुसऱ्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला बारीक भोक पाडलं की आत तुंबणाऱ्या पाण्याला वाट मिळते आणि डोळा वाचतो. ते वेळेत व्हायला हवं. मी सही केली असती तर ठणठणीत डोळ्यांचा कागद घेऊन ही बाई घरी गेली असती आणि पूर्ण आंधळी होईपर्यंत कुठल्याच डॉक्टरकडे फिरकली नसती.

मी चिडून विचारलं, मावशी, खोटे हात का केले?

"पोरगी किती लांबनं आलीया, म्याडम. न्हाय म्हटलं की तिचं तोंड एवढंसं हुतंय. म्होरच्या बाईनं केलं तसं मी बी केलो."

मी सतरंजीकडे पाहिलं. बायका पदर सावरत खाली बघायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, पावणी माणसं हायत, त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं. सगळ्या रांगेनं एकमेकांत न बोलता तेच ठरवलं होतं.

एमा कॉलेजात मार्केटिंग शिकत होती. व्हॉलंटियर म्हणून निघण्याआधी तिला दोन व्हिडिओ दाखवले होते, एवढंच ट्रेनिंग. तिच्या देशात तिला चष्म्याच्या दुकानात काचा पुसायला ठेवलं असतं, डोळे तपासायला नाही. इथं चालतं, कारण इथली माणसं फुकटात तपासून घ्यायला बसलेली. मला तिचा राग आला नाही. काय झालं ते समजल्यावर ती रडली. राग आला तो देसाईंचा.

"हे सगळे परत तपासायचे, मी सही केलेलेसुद्धा," मी म्हटलं. "तोवर माझी सही नाही."

"मॅडम, हा नुसता स्क्रीनिंग कॅम्प आहे. मुलं साता समुद्रापलीकडून आलीत. त्यांचं मन मोडेल."

"तुमच्या आईचे डोळे एमाकडून तपासून घ्याल?"

"आईचं ऑपरेशन पुण्यात झालं," देसाई म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं असावं. ते फोनवर बोलत बाहेर निघून गेले.

पाहुण्यांना पन्हाळा दाखवायला गाडी उभी होती. मी शेवंताबाईंना तिच्यात घातलं, शेजारी बसले आणि ड्रायव्हरला सरकारी दवाखान्यात घ्यायला सांगितलं. देसाई आडवे आले नाहीत. पन्हाळा कुठं जात नाही.

डॉक्टरांनी तिथं डावा डोळा तपासताना विचारलं, आजी, या डोळ्यानं दिसतंय का? शेवंताबाईंनी उरलेल्या डोळ्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय उत्तर दिलं म्हणजे मला बरं वाटेल, ते शोधत होत्या. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

"काय बी दिसत न्हाय, सायेब," त्या म्हणाल्या.

उजव्या डोळ्याला त्याच दिवशी लेझर झालं आणि तो वाचला. डावा गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी मी आणि जुन्या दवाखान्यातली एक सहकारी उचगावात बसलो आणि सगळी रांग नव्यानं तपासली. एकेकाला आत बोलावून, दार लावून. बऱ्याच ठणठणीत डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. तेव्हा पाहुण्याला चहा द्यावा, पन्हाळा दाखवावा. डोळे तपासायला बसवू नये.