एकाच माणसाचा खोकला

वसमतच्या ठाण्यातली ती दुपार अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही. गावात कॉम्प्युटर तेव्हा नवलाईचा होता. मोंढ्याजवळच्या, म्हणजे घाऊक शेतमाल बाजाराजवळच्या, एका मेडिकलवाल्याने तो काउंटरवर बसवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि थाटात बिलं छापायला सुरुवात केली.

खबर आणली ती मेडिकलसमोरच्या चहावाल्याने. गिऱ्हाइकांनी टाकलेली बिलं तो भजी बांधायला गोळा करायचा. ती माझ्या टेबलावर पसरून तो कुजबुजला, "साहेब, वाचा. समद्या बिलांवर खोकल्याचं औषध, अन् नाव एकच. एवढा खोकला एका छातीत मावंल का?"

ते औषध काही लोक नशेसाठी पितात, हे आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नव्हतं. बिलावरचं नाव इथे देत नाही. त्यांना आपण 'महाशय' म्हणू. महाशयांना मोंढ्यात कुणी ओळखेना, बसस्थानकावर ओळखेना, लॉजवाल्यालाही ठाऊक नाहीत. बनावट नावाने माल बाहेर जातोय, असंच चित्र दिसत होतं. मी मिशीला पीळ दिला आणि जीप काढली.

काउंटरवरचा माणूस पन्नाशीचा, मवाळ चेहऱ्याचा. मालकाने पटकन हात झटकले, "विक्री सगळी हेच बघतात." मग त्या काउंटरवाल्यांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. मी टोपी टेबलावर आपटली, दोन येरझाऱ्या घातल्या आणि एकदम वळून विचारलं, "हे महाशय कोण?"

"न्हाई माहीत, साहेब."

"तुमच्याकडून पेट्याच्या पेट्या औषध नेतात, आणि माहीत नाही?"

"मी बिल फाडतो, बाटलीला गुंडाळतो, देतो. त्याच्यावरचं इंग्रजी गर्दीत कोन वाचून राहिलं?"

"मग मशीनमध्ये नाव काय भूत घालतं?"

ते रडकुंडीला आले, पण उत्तर बदलेना. मुरलेला दिसतो, असं मी मनात म्हटलं. गुन्हा दाखल करायची तयारी सुरू झाली.

तेवढ्यात त्यांची बायको ठाण्यात आली. "साहेब, उद्या पोरीची सुपारी फोडायची हाय. डोंगरकड्याचे पाव्हणे येऊन राहिले. बाप ठाण्यात बसलाय म्हणून कळलं, तर वाटंतूनच माघारी फिरतील. लेकराचं वाटोळं होईल."

ठाणे अंमलदाराने पेन उघडलं. "नवऱ्याचं नाव सांगा. लिहून घेतो."

बाईने पदर तोंडाला लावला.

"अहो बाई, नाव!"

"आत तुमीच बसवलंय. तुमाला म्हाईत न्हाई व्हय? मला काहून इचारता?"

"नावाशिवाय माझं काम पुढं कसं जाणार?"

"इतकी वर्सं घरात घेतलं न्हाई, ते हितं पोलिसांपुढं घेऊ?"

अंमलदाराने कपाळाला हात लावला. मी मात्र खुर्चीतून ताडकन उठलो आणि आत गेलो.

"हे औषध न्यायला जास्त कोण येतं?"

"हमालांच्या बायका, साहेब. हळदीचा सीझन हाय. हळकुंडं घासून पॉलिश करतात, ती धूळ माणसांच्या छातीत बसती. ते कामावर, अन् बाया चिठ्ठी घिऊन येतात."

"चिठ्ठीवर रुग्णाचं नाव असतं?"

"डॉक्टर औषध लिवतात. नाव कुठं लिवतात?"

"आणि मशीन नाव मागतं?"

"मागतं ना. त्याबिगर बिलच निघत न्हाई."

"बाईने नवऱ्याचं नाव घेतलं नाही तर?"

"तर काय करावं? मागं रांग वरडत असती. मी आपलं एंटर दाबतो. पुढं जातं बराबर."

त्यांना घेऊन तसाच दुकानात गेलो. नावाची जागा कोरी ठेवून एंटर दाबायला लावलं. प्रिंटर करकरला आणि बाहेर आले साक्षात महाशय! बिलावरचं नाव पहिल्यांदाच वाचून मालक ओरडला, "अरे, हा तर कॉम्प्युटर बसवायला नांदेडहून आला होता! शिकवताना पहिलं बिल त्यानं स्वतःच्याच नावानं केलं होतं." जागा कोरी राहिली की मशीन तेच पहिलं नाव उचलत होतं.

महाशयांना फोन लावला. आपल्या नावाने किती खोकला जमा झालाय, हे ऐकून ते किंचाळले, "साहेब, आईशप्पथ, मला साधी सर्दीसुद्धा नाही!"

तरी खात्री करणं भाग होतं. मोंढ्यात फिरलो. जागोजागी खोकणारे हमाल, त्यांच्या खोपटांत तीच बाटली. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही दुजोरा दिला. अंधार पडायच्या आत काउंटरवाल्यांना मोकळं केलं. बाईने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की अंमलदाराचे कागद हलले, असं मी आजही शपथेवर सांगतो.

जाता जाता ते दारात थांबले. "साहेब, आता पुन्हा अशी बाई आली तर काय करू?"

"तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारा. ती आनंदाने सांगेल."

माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसली तर तो निदान डोकं तरी खाजवतो. यंत्राला तेवढंही जमत नाही. हाताशी असेल ते ठामपणे छापून देतं. त्यानंतर कुठलाही छापील कागद पुरावा म्हणून समोर आला की मी आधी विचारायचो, हा निघाला तेव्हा समोर कोण उभं होतं? या सवयीने पुढे बऱ्याच निरपराध लोकांना घरी पाठवता आलं.

दुसऱ्या दिवशी सुपारी फुटली. त्या वेळी बाप पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होता, हे ऐकलं आणि मला जेवण गोड लागलं.